चहाला वेळ असते

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझं हिमोग्लोबिन ९.१ आलं. दोन जिने चढले की धाप लागायची, पाय कायम थंडगार, केसांचं तर विचारूच नका, आणि मी आपली चाळिशी आली म्हणून स्वतःची समजूत घालत होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, पालेभाजी खाता का? म्हटलं हो, रोज. नाचणी? आठवड्यातून तीनदा भाकरी असते. मग त्या म्हणाल्या, "चहा कधी कधी घेता?"

किती वेळा घेता हे सगळेच विचारतात. कधी घेता हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. मी बोटं मोजत सांगायला लागले, उठल्यावर एक, मग पोह्यांबरोबर किंवा उपम्याबरोबर एक, अकराला ऑफिसात, जेवण झालं की लगेच एक कारण नाहीतर झोप येते, चारला एक आणि घरी आल्यावर एक. त्यांनी कागदावर सहा टिंबं काढली आणि त्यातल्या दोनांभोवती गोल केला, नाश्त्याबरोबरचा आणि जेवणानंतरचा. म्हणाल्या, "हे दोन हलवा. बाकीच्यांचं नंतर बघू."

कारण साधं आहे. चहात टॅनिन्स असतात, म्हणजे तुरटपणा देणारे जे घटक असतात ते, आणि ते अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. पालेभाजी, कडधान्यं, नाचणी, पोहे यांच्यातून मिळणारं जे लोह आहे ते मुळातच अंगी लागायला अवघड, त्यात वरून चहा आला की बरंचसं तसंच निघून जातं. म्हणजे मी रोज पालेभाजी खात होते आणि पाठोपाठ चहा पिऊन ती वाया घालवत होते. हैदराबादची जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे, आयसीएमआरची, त्यांनी २०२४ च्या आहार मार्गदर्शनात हेच लिहिलंय की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. आणि याच्या बरोबर उलट काम लिंबू करतं, सी जीवनसत्त्व असलं की लोह नीट शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळून खाणारे आपले लोक किती शहाणे होते आणि त्याच पोह्यांशेजारी वाफाळता कप ठेवून आपण काय केलं, हे मला त्या दिवशी रिक्षात बसून कळलं.

आमच्या घरात एका कपावर ते प्रसिद्ध वाक्य छापलेलं आहे, चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो. मला ते आता पटत नाही. चहाला वेळ असते, आणि चांगलीच असते. फक्त सगळ्या चहांची वेळ एक नसते. दोन कप हलवायचे म्हणून मी दिवसाकडे बघायला लागले आणि बघता बघता मला चहाच नव्याने कळायला लागला, कुठला चहा कुठल्या प्रहराचा आहे ते. त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

आधी सकाळ. माझं चहाचं आधण पावणेसहाला पडतं. हा चहा दुधाचाच आणि आल्याचाच, यात मी काही बदल केलेला नाही आणि करणारही नाही. फक्त त्याआधी पेलाभर पाणी आणि अर्धं केळं, कारण अगदी रिकाम्या पोटी घेतला की मला पित्त होतं, आणि नाश्ता आठला, म्हणजे मधे दोन तास आरामात जातात. आलं किसायचं नाही, ठेचायचं, आणि ते थंड पाण्यातच टाकायचं आणि पाण्याबरोबर चांगलं उकळू द्यायचं. माझी आई हे करायची आणि का करायची ते तिला माहीत नव्हतं, नाहीतर दूध नासतं एवढंच म्हणायची. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एंझाइम असतं, ते उकळीत निकामी होतं. म्हणून आलं आधी, मग साखर आणि पावडर, आणि पाणी लालबुंद झालं की मग दूध. दूध घातल्यावर पुन्हा एकदा वर येऊ द्यायचं, गॅस बारीक करायचा, खाली बसू द्यायचं, परत वर. तीन वेळा. तिसऱ्यांदा जी साय-साय कड धरते ना पातेल्याला, तांबूस रंगाची, ती दिसली की झाला.

या चहाला पावडर लागते ती सीटीसीच. क्रश, टिअर, कर्ल. म्हणजे पान दातेरी रोलरांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करायचे. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात आली आणि आज भारतात बनणारा बहुतेक चहा याच पद्धतीचा असतो. पान इतकं फाटल्यामुळे रंग झटकन सुटतो, कडक उतरतो आणि दूध-साखर-आलं या सगळ्यांना पुरून उरतो. काही लोक सीटीसीला नाक मुरडतात की हा खरा चहा नाही वगैरे, मला ते अजिबात मान्य नाही. ज्या कामासाठी तो केलाय ते काम तो उत्तम करतो, आणि ते काम म्हणजे माणसाला उठवणं.

माझ्या टीममध्ये डिब्रूगडची एक मुलगी आहे. तिने सांगितलं की त्यांच्याकडे घरी सकाळी बिनदुधाचा लाल चहा असतो, आणि ती त्याला म्हणते 'साह', कारण आसामीत लिहितात 'चाह' पण उच्चार 'स'चा. लिहिताना शेवटी ह, आपल्या चहासारखाच. मला फार आवडलं हे. पण त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे 'बागान टाइम'. आसामच्या चहाबागांमध्ये घड्याळ एक तास पुढे असतं, इंग्रजांच्या काळापासून. तिकडे सूर्य लवकर उगवतो, उजेड वाया जाऊ नये म्हणून बागेची वेळ वेगळी, आणि बऱ्याच बागांमध्ये ती अजूनही चालते. म्हणजे ज्या पावडरीवर माझी सकाळ उघडते, ती तयार करणाऱ्या बायका पान खुडायला निघतात ते भारताच्या घड्याळाने नाही, चहाच्या घड्याळाने. आणि आपण म्हणतो चहाला वेळ नसते.

बरं, आता अकरा वाजताचा. हा माझ्यासाठी पूर्णपणे नवीन चहा आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण दार्जिलिंगला गेली होती आणि तिने येताना एक पाकीट आणलं होतं, चांगलं महागातलं. आम्ही ते घरी कसं केलं, तर जसं रोज करतो तसं. आलं ठेचलं, पाणी उकळलं, दोन चमचे पानं, दूध, साखर, तीन उकळ्या. तो चहा पांचट झाला, रंगच धरेना, म्हणून अजून दोन चमचे टाकले तर कडूशार. सासूबाई म्हणाल्या, "अगं, यापेक्षा आपली साधी पुडी बरी." पाकीट कपाटात मागे गेलं ते गेलंच. आता कळतं की पानाची काहीच चूक नव्हती. दार्जिलिंगचं पान सीटीसीसारखं फाडलेलं नसतं, ते हलक्या हाताने वळवलेलं असतं, आणि त्यातल्या पहिल्या तोडीचं, म्हणजे फर्स्ट फ्लशचं, तर फारसं काळंही पडू दिलेलं नसतं. ते उकळायचं नसतंच, ते भिजवायचं असतं.

तर डॉक्टरांच्या त्या टिंबांनंतर मी अकराच्या चहासाठी पुन्हा दार्जिलिंग आणला. पाणी उकळून बंद करायचं, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मोठ्या कपात सपाट चमचाभर पानं, वर पाणी, वर बशी झाकायची, तीन मिनिटं. बस. जास्त नाही. झाकण काढलं की जो वास येतो तो मला पहिल्यांदा कळलाच नाही कशाचा ते, मग लक्षात आलं, कच्चा पेरू कापल्यावर येतो तसला आणि त्यात थोडा पहिल्या पावसात भिजलेल्या गवताचा. रंग भाताच्या पेंढ्यासारखा. दूध नाही, साखर नाही. पहिले तीन-चार दिवस मला तो गरम पाण्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू, पण आठवड्याभरात जीभ शांत झाली आणि त्याच्यातलं गोडसरपण सापडायला लागलं.

आणि एकदा सापडलं की मग तोडीतोडीतला फरक कळतो. मार्च-एप्रिलमधली पहिली तोड, थंडीभर झोपलेल्या झुडपाची कोवळी पालवी, हलकी आणि फुलाच्या वासाची. मग मे-जूनची दुसरी, सेकंड फ्लश, तिचा रंग तांबूस आणि चवीला द्राक्षाची आठवण होते, त्याला मस्कटेल म्हणतात. ही चव येते कशी तर किडीमुळे. बारीक हिरवे तुडतुडे पानाचा रस शोषतात आणि ते पान स्वतःला वाचवायला जी द्रव्यं तयार करतं त्यांचा तो सुगंध. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले की बागायतदार डोक्याला हात लावतात, आणि तिकडे त्याच जातकुळीतला किडा चहाचा भाव वाढवतो! पावसाळ्यातली तोड साधारण, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची पुन्हा चांगली, जरा जाड अंगाची. हापूसला पुढे मिळालं ते भौगोलिक मानांकन देशात सगळ्यात आधी मिळालं ते दार्जिलिंगच्या चहाला, २००४ साली, ते काही उगीच नाही.

हा चहा अकरालाच का, तर तेव्हा पोट ना भरलेलं असतं ना रिकामं, तोंडात कशाची चव नसते, आणि डोकं चालू असतं. जेवल्यावर दार्जिलिंग प्यायला तर तुम्हाला आमटीचीच चव येणार. पहाटे प्यायला तर झोप उडणार नाही. त्याला ती मधली स्वच्छ वेळ लागते.

ग्रीन टीपण याच वेळेचा, माझ्या मते. तो बिचारा आपल्याकडे वजन कमी करायचं औषध म्हणून आला आणि औषधासारखाच प्यायला जातो, नाक मुरडून, उकळत्या पाण्यात पिशवी बुडवून पाच-पाच मिनिटं. तो कडू लागतो कारण पाणी फार गरम असतं. उकळलेलं पाणी चांगलं पाच मिनिटं निवू द्या, सत्तर-ऐंशी अंशांवर आलं की घाला, दोन मिनिटांत काढा, आणि मग सांगा कडू लागतो का. झाड तेच आहे हो सगळ्यांचं, ग्रीन, ब्लॅक, ऊलाँग, व्हाइट, सगळी पानं कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाची. तोडल्यावर पानाला हवेत किती काळं पडू दिलं यावर सगळा खेळ. सफरचंद कापून ठेवल्यावर तपकिरी होतं ना, तेच. ग्रीन टीत पान लगेच वाफवून किंवा भाजून ते थांबवतात, ब्लॅकमध्ये पूर्ण होऊ देतात, ऊलाँग मधल्यामध्ये.

दुपारी जेवणानंतरचा जो कप होता त्याची सगळ्यात जास्त आठवण यायची, पहिला महिना तर फार. आता तिथे ताक आहे. दीड तास कसा जातो ते कळत नाही आणि मग येतात चार.

चारचा चहा बाहेरचा. यावर मी ठाम आहे. माझ्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर एक अमृततुल्य आहे, जुनं, पाटीवर देवाचं नाव, आत काळवंडलेली भिंत आणि एक पितळी पातेलं. चार वाजता तिथे उभं राहून नुसतं बघायलासुद्धा मला आवडतं. मालक, साठीचे असतील, खलबत्त्यात वेलची आणि आल्याचा तुकडा टाकतात, तीन-चार घाव, त्याचा आवाज रस्त्याच्या हॉर्नमधूनही कळतो, आणि ते सगळं पातेल्यात. दूध सतत वरखाली चालू. एका हाताने डावाने वर उचलून ओतत राहायचं, वरून धार पडली की फेस येतो, फेस बसला की पुन्हा. मग फडकं. पांढरं कधीतरी असेल ते, आता चहाच्याच रंगाचं. केटलीच्या तोंडावर ते धरायचं, त्यात पातेलं उपडं करायचं, आणि मग त्या गरम फडक्याला पीळ द्यायचा, उघड्या हातांनी, चटका बसत नाही का असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, बसत होता, पहिली दोन वर्षं." त्या पिळण्यातच सगळा अर्क उतरतो, गाळणीने तो येत नाही. कप एवढासाच, चार घोटांचा, पण तो चहा ओठांना चिकटतो. त्याबरोबर क्रीमरोल घेतला तर घेतला, नाहीतर नुसताच.

पुण्यातली ही अमृततुल्यं चालू केली ती राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी, गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य अजून आहे. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. याच पुण्यात १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला मंडळी जमली, मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली, आणि कोणीकोणी घेतली त्यांची नावं गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांनी, छापून आणली. रानडे, टिळक, सगळे त्या यादीत. केवढं मोठं ग्रामण्य झालं, बहिष्कार, प्रायश्चित्त, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, एका कप चहावरून. आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांत त्याच शहराच्या चौकाचौकात पितळी पातेली लागली आणि एकाच बाकावर कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा प्यायला लागलं. मी चारला त्या बाकावर बसते तेव्हा माझ्या एका बाजूला कुरिअरवाला मुलगा असतो आणि दुसऱ्या बाजूला कधी वकील, कधी बांधकामावरची बाई. ही वेळ सगळ्यांची एकच असते, म्हणून हा चहा घरी करून मजा नाही.

इराणी चहाची वेळ मात्र रविवार सकाळ, घाई नसलेली. डेक्कनच्या गुडलकला, १९३५ पासून आहे ते, संगमरवरी टेबल, बन मस्का, आणि तो जाड चहा ज्यात डिकॉक्शन वेगळं आणि आटवलेलं दूध वेगळं करून कपात एकत्र येतं. उकळलेल्या चहापेक्षा तो गुळगुळीत लागतो. त्याबद्दल एवढंच, कारण त्यावर लिहिणारे खूप आहेत.

पाऊस लागला की मात्र माझं सगळं वेळापत्रक बदलतं. कुंडीत गवती चहा आहे, त्याची पाती कात्रीने कापायची, धार लागते हाताला, जपून, आणि गाठ मारून पाण्यात टाकायची. संध्याकाळी साडेपाचला बाहेर धो धो आणि घरात तो वास. खरं तर गवती चहा हा चहा नाहीच, ते गवत आहे, पण नाव आपण असं दिलंय की त्याला घराण्यातलाच करून टाकलंय. माझं आजोळ संगमेश्वरकडचं. तिथे पावसात दूध कमी असायचं, म्हशी आटलेल्या, त्यामुळे मामी कोरा चहा करायची, गुळाचा, गवती चहाची पात घातलेला, पितळीत ओतून द्यायची आणि बरोबर तांदळाच्या भाकरीचा तुकडा. ओटीवर बसायचं, पुढ्यात पागोळ्या, दोन्ही हातांनी पितळी धरायची. लहान मुलांना चहा नको असं तिथे कोणी म्हणायचं नाही. त्या चहाची चव धुराची होती, चुलीच्या, ती मला पुण्यात गॅसवर कधीच मिळालेली नाही आणि मी तिचा नाद सोडलाय.

गुळाचा दुधाचा चहा हल्ली सगळीकडे मिळतो आणि घरी करताना बऱ्याच जणींचा नासतो, म्हणून सांगते. गूळ आणि दूध एकत्र उकळायचंच नाही. गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या दुधाला तो फाडतो. चहा आणि गूळ पाण्यात उकळून गाळून घ्या, दूध शेजारी वेगळं तापवा, आणि दोन्ही कपात एकत्र करा, गॅस बंद. किंवा सगळा चहा झाल्यावर खाली उतरवून, जरा निवला की किसलेला गूळ ढवळा. गूळ जुना असेल तर पहिलीच पद्धत धरा.

उन्हाळ्यात याच्या अगदी उलट. मे महिन्यात दुपारी साडेतीनला कोणी गरम चहा पुढे केला तर मी घेईन, नाही म्हणणार नाही, पण मनापासून हवा असतो तो दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा, थंड. निलगिरीचं पान थंड केलं तरी गढूळ होत नाही, नितळ राहतं, म्हणून आइस्ड टीला तो चांगला. कडक करून, गाळून, साधा गार होऊ द्यायचा, मग माठातलं पाणी, लिंबू, थोडी साखर, पुदिन्याची दोन पानं. फ्रिजमध्ये बाटली भरून ठेवली की पोरं कोल्ड्रिंक मागत नाहीत.

काश्मीरचे दोन चहा मी श्रीनगरला प्यायले आणि त्यांच्याही वेळा ठरलेल्या. नून चाय सकाळी, नून म्हणजे मीठ, गुलाबी रंगाचा खारट चहा, हिरवी पानं सोडा घालून तासन् तास उकळतात तेव्हा तो रंग येतो, आणि बरोबर ताजी भाजलेली जाड रोटी. पहिला घोट घेतला तेव्हा मला तो चहा वाटलाच नाही, सूप वाटलं, आणि सूप म्हणून घेतल्यावर फार आवडला. कहवा मात्र पाहुण्यांचा, जेवणानंतरचा, केशर, दालचिनी, वेलची, वर बदामाचे काप. तसाच केरळच्या मलबारात बिर्याणीनंतर सुलेमानी, कोरा चहा लिंबू पिळून. मी दोन्हीही तासभर थांबून घेते, गार झाले तर पुन्हा करून घेते.

सहानंतर माझ्याकडे चहाची पावडर डब्याबाहेर येत नाही. कॅफीन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकराला अजून जागंच असतं, आणि मग आपण म्हणतो झोप का लागत नाही. वर सांगितलं त्याच मार्गदर्शनात एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. आकड्यात माझे सहा कप कदाचित बसतही असतील, पण रात्रीच्या झोपेचं गणित त्यात नव्हतं. आता रात्री नुसती गवती चहाची पात, नाहीतर गोकर्ण. आमच्या गॅलरीत निळ्या गोकर्णाचा वेल आहे, चार-पाच फुलं तोडून गरम पाण्यात टाकली की पाणी दौतीतल्या शाईसारखं निळं होतं, आणि वरून लिंबाचे दोन थेंब पडले की डोळ्यांदेखत जांभळं. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, ती रोज रात्री लिंबू स्वतःच पिळते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

हिमोग्लोबिन चार महिन्यांनी ११.८ आलं. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे हे मला माहितीये, गोळ्या मी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे, आणि कोणाला असा त्रास असेल तर नुसते चहाचे कप हलवून भागणार नाही, तपासणी करा, डॉक्टरांना विचारा. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या गोळ्या अंगी लागल्या त्या चहा बाजूला झाल्यामुळे. सासूबाईंनीही आता पोह्यांबरोबरचा कप सोडलाय. आधी म्हणायच्या पन्नास वर्षं पितेय, मला काय झालं. मग एक दिवस आपणहून म्हणाल्या, "माझा नऊला टाक गं, तुझ्याबरोबर नको."

आषाढात पालख्या पुण्यातून निघतात त्या पहाटे आमच्या सोसायटीतली मुलं हडपसरच्या रस्त्यावर चहा वाटतात. रात्री दोनपासून मोठमोठी पातेली चढवलेली असतात. मी दोन वर्षं जातेय. साखर जास्त घालतात, कारण माउलींना पुढे दिवे घाट चढायचा असतो. काळोखात टाळांचा आवाज आधी येतो, माणसं मागून दिसतात, "माउली, चहा घ्या" म्हणायचं, आणि एखादी म्हातारी थांबून, डोक्यावरची तुळस तशीच सांभाळत, तीन घोटांत कप रिकामा करून पुढे चालायला लागते. कुठला चहा, कुठली पावडर, काही विचारायचं नसतं तिथे.

आणि एक चहा मी वर लिहिलेल्या कुठल्याच वेळेत बसत नाही. माझे बाबा गेले ते पहाटे तीनच्या सुमारास, कराडच्या घरी. घरात चूल पेटवायची नाही असं असतं. आई भिंतीला टेकून बसली होती, कोणी काही बोलत नव्हतं, मी फोन करत होते एकेकाला. साडेचार-पाचला शेजारच्या काकू आल्या, हातात स्टीलची मोठी केटली, दुसऱ्या हातात पिशवीत पेले. त्यांनी काही विचारलं नाही. आईच्या पुढ्यात बसल्या, पेल्यात ओतला, आईचे दोन्ही हात धरून पेल्याभोवती ठेवले आणि म्हणाल्या, "वहिनी, घशाखाली जाऊ द्या." मग माझ्याकडे वळल्या, "घे बाळा." त्यात आलं नव्हतं, वेलची नव्हती, दूध बेताचं आणि साखर खूप. मी तो पूर्ण प्यायले. काकूंनी मोरीत जाऊन सगळे पेले विसळले, पिशवीत भरले, आणि नऊ वाजता केटली भरून परत आल्या.